पत्री सरकार : गाडी लुटली, पण पुढं काय?

आमच्या वाचन मंडळात गेले काही महिने पत्री सरकारचा इतिहास वाचणं चालू आहे. तिथं नेमकं करता काय, असं बरेच जण विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या भागात पत्री सरकार म्हटलं की ७ जून १९४३ ची शेणोलीची पगाराची गाडी आठवते. फार तर १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडं चिमठाण्याला लुटलेला सरकारी खजिना. जयंतीच्या भाषणांत तेवढंच येतं, टाळ्या पडतात, लोक घरी जातात. पण नुसत्या लुटीवर सरकार चालत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ला भूमिगत झाले ते १९४६ लाच उघडपणे लोकांत आले. एवढी वर्षं भाकरी कुणी दिली? लपवलं कुणी? आणि का?

आधी मोर्चेच निघत होते. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला, दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. मग कार्यकर्त्यांनी वाट बदलली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाबाहेर. नकाशा समोर ठेवून वाचलं की हा मुद्दा लगेच कळतो. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. पोरांना हे दर वेळी सांगावं लागतं.)

खरं उत्तर कंटाळवाण्या वाटणाऱ्या पानांत सापडतं. बांधाचं भांडण, सावकाराचं कर्ज, नांदवत नसलेली बायको. अशा तक्रारी न्यायदान मंडळं गावातच ऐकायची. वकील नाही, कोर्टाच्या खेपा नाहीत. लग्नात कर्ज होऊ नये म्हणून साधे गांधी विवाह लावले जायचे. दारूबंदी केली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. लोकांना सरकार वाटलं ते ह्यामुळं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी लुटणारे धाडसी होतेच, पण बांधाचा निकाल देणंही सोपं काम नव्हे!

वाचायची पद्धत साधी. घरून कुणी वाचून येत नाही, हे आम्ही पहिल्याच महिन्यात मान्य केलं. त्यामुळं तिथंच एकेकानं पान मोठ्यानं वाचायचं. नियम एकच : बोलायच्या आधी सांगायचं, हे छापलेलं आहे की आज्यानं सांगितलेलं. वहीत दोन रकाने आहेत. पायाला बैलासारखे पत्रे ठोकायचे, ही गोष्ट ऐकीव रकान्यात गेली. तळपायावर काठीचे फटके मारायचे, हे छापील रकान्यात.

त्याच दिवशी मागं बसलेला एक जण उठला. म्हणाला, "आमच्या आज्याला मारल्या होत्या पत्र्या. खबऱ्या म्हणून. त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं होतं का?" सगळे गप्प. मग एक म्हातारे बोलले, "बाळा, तवा एका खबऱ्यापायी आख्खं घर बसायचं." दोघंही खोटं बोलत नव्हते. पुस्तकात त्या आज्याचं नाव नाही, कुणी काय ऐकलं तेही नाही. काहींचं म्हणणं पडलं, हे कशाला लिहून ठेवायचं, उगाच बदनामी. मला ते पटलं नाही. जे सरकार न्याय द्यायचं म्हणून आपण अभिमान बाळगतो, त्याच्या न्यायाबद्दल प्रश्न विचारायला कशाची भीती? दोघांची वाक्यं वहीत जशीच्या तशी उतरवली. तो माणूस पुढच्या रविवारीही आला, ह्याचा मला जास्त आनंद झाला.

बायकांचं काम अजून नीट वाचून व्हायचंय. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी पोलिसांचं लक्ष वेधायला चौकीपुढं खोटं भांडण लावलं, मार खाल्ला, आणि तेवढ्यात सोबत्यांनी बंदुका पळवल्या, हे माहीत झालंय. पण रात्री-अपरात्री दहा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायांची नावं कुठंच नाहीत. येत्या रविवारी तेच घेतोय. संध्याकाळी सहाला, वाचनालयात. घरात कुणाच्या तुरुंगाचा दाखला, जुनं पत्र, फोटो असेल तर घेऊन या, आम्ही मोबाइलवर फोटो काढून लगेच परत देतो. आणि आजी हयात असेल तर तिलाच घेऊन या. गाडीची सोय करतो.