वऱ्हाडातील विद्यार्थी आणि व्यवसायाची निवड

1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड मुलूख इंग्रजी अंमलाखाली आला, तेव्हा येथील मुलाचा व्यवसाय बहुधा जन्मानेच ठरलेला असे: पाटलाच्या मुलाने पाटीलकी करावी, पटवाऱ्याच्या मुलाने दफ्तर सांभाळावे, कुणब्याच्या मुलाने वडिलांचे औत धरावे. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे (1861–65) कापसाला अपूर्व भाव आला, आगगाडी अकोल्यास पोहोचली, आणि सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या जिन-प्रेसच्या आवारात फिटर, मापाडी, मुनीम असे उद्योग उभे राहिले; तथापि शिकलेल्या मुलाची दृष्टी कचेरीतील कारकुनी आणि वकिलीची सनद यांपलीकडे क्वचितच जाई.

ही चौकट मोडण्याचे श्रेय मुख्यतः पंजाबराव देशमुखांचे. पापळच्या शेतकरी कुटुंबात 1898 साली जन्मलेला हा पुरुष विलायतेत वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून बॅरिस्टर होऊन परतला, अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून बहुजनांच्या मुलांना ज्ञानाची द्वारे मोकळी करता झाला, आणि 1952 नंतर केंद्रीय कृषिमंत्री म्हणून शेतीच्याच सेवेस लागला. 1969 साली अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले, हे सर्वथा उचित होय.

आज दहावीच्या उंबरठ्यावरील मुलास मार्ग दाखविणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी या इतिहासातून एवढा बोध अवश्य घ्यावा की, कुळाचा धंदा किंवा शेजाऱ्याचे अनुकरण यांपेक्षा मुलाची अभिरुची, त्याची कुवत आणि भोवतालच्या समाजाची गरज यांचा मेळ जेथे बसतो, तोच व्यवसाय त्याच्या आयुष्याला सार्थकता देतो.