जुन्या आउटबोर्ड मोटरचा गिअर सुटतोय? उघडण्याआधी हे वाचा

देवबागला माझ्या काकांची होडी आहे. तिची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर माझ्यापेक्षा वयाने मोठी. गेल्या मे महिन्यात कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना ‘खट्ट’ असा आवाज झाला. इंजिन ओरडतंय, पण होडी पुढे जाईना. गिअर सुटला होता. कसेबसे वल्ही मारत आम्ही किनारा गाठला. नंतर तो गिअरबॉक्स दुरुस्त करताना मी जे शिकलो, ते इथे सांगतोय.

गिअर काम कसा करतो?

इंजिन वर असतं आणि पंखा पाण्यात. मधला उभा शाफ्ट इंजिनचा जोर खाली आणतो. त्याच्या टोकाला छोटा पिनियन गिअर असतो. तो फॉरवर्ड आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकाच वेळी, पण उलट दिशांना फिरवतो. हे दोन्ही गिअर पंख्याच्या शाफ्टभोवती मोकळेच फिरत असतात. त्यांच्या मधे सरकतो तो क्लच डॉग. तो ज्या गिअरच्या खाचांत अडकतो, त्या दिशेला पंखा फिरतो. कुठेच अडकला नाही, तर न्यूट्रल.

नेमकं काय खराब होतं?

मला वाटलं होतं, गिअरचे दात तुटले असणार. उघडल्यावर दात शाबूत निघाले! डॉगचे आणि फॉरवर्ड गिअरच्या खाचांचे कोपरे मात्र झिजून गोल झाले होते. कोपरे गोल झाले की थ्रॉटल वाढवताच डॉग निसटतो. लिंकेजची सेटिंग बिघडून डॉग अर्धवट अडकत असेल, तरीही हेच होतं. म्हणून आधी लिंकेज तपासा.

उघडण्याआधी

1. स्पार्क प्लगच्या वायर काढा. पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू झालं, तर बोटं जातील.
2. गिअर ऑइल भांड्यात काढा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे बहुधा सील गेलंय. बारीक करडी पूड चालते. चकाकणारे तुकडे दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटलंय.
3. प्रत्येक पार्ट काढताना मोबाईलवर फोटो काढा. पातळ शिम कुठल्या बाजूला होत्या, हे नंतर आठवत नाही.

वेल्डिंग करून चालेल का?

आम्ही ही चूक केली. झिजलेल्या कोपऱ्यांवर वेल्डिंग भरून घेतलं, ते तीन दिवसांत तुटलं. गिअरचा पृष्ठभाग उष्णता देऊन मुद्दाम कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो, पार्ट वाकडाही होऊ शकतो. त्यामुळे पार्ट बदलणं हाच उपाय. डॉग आणि त्याचा गिअर दोन्ही एकत्र बदला. दात तुटले असतील, तर पिनियनही बदला आणि बेअरिंगमध्ये तुकडे अडकलेत का ते बघा.

जुना पार्ट शोधायचा कसा?

मोटरच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरून मॉडेल नंबर घ्या. पार्ट नंबरने सर्च करा. जुने नंबर बदललेले असू शकतात. बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या मोटरचा पार्टही चालतो. पैसे देण्याआधी दात मोजा आणि खाचांच्या कोपऱ्यांचा जवळून फोटो मागवा.

जोडताना

सील आणि ओ-रिंग नवीनच घाला. गिअरमधली फट मॅन्युअलप्रमाणे शिमने जुळवा. हे काम अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्या. ऑइल खालच्या भोकातून भरा, म्हणजे आत हवा अडकत नाही. वरच्या भोकातून ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. खालचा भाग उघडलाच आहे, तर वॉटर पंपचा इम्पेलरही बदला.

सगळ्यात महत्त्वाचं

काका नेहमी सांगायचे, “हळू टाक रे, नायतर तुटात.” खरं उलट आहे. लिव्हर हळूहळू सरकवला की डॉगचे कोपरे गिअरवर घासत, आपटत राहतात. थ्रॉटल पूर्ण कमी करा, मग लिव्हर एका झटक्यात टाका. जपून वापरायच्या नादातच आमचा गिअर गेला होता. आता काकाही ‘खट्’कन गिअर टाकतात, आणि वल्ही मात्र अजूनही होडीतच ठेवतात!