उधळा कोण, चुकला कोण?

अविचारासाठीं इंग्रजींत शब्द पुष्कळ आहेत. परंतु कोणता शब्द कोणाच्या वांट्यास यावा, हें कोश सांगत नाहीं. तें लिहिणाराच ठरवितो. हा विषय केवळ भाषेचा वाटतो, पण त्याची झळ आमच्या यवतमाळच्या शिवारापर्यंत पोंचली आहे.

'इम्प्रॉव्हिडंट' म्हणजे उद्यांची चिंता न वाहणारा. 'एरर ऑफ जजमेंट' म्हणजे निर्णयांतील चूक. पहिला शब्द माणसाच्या स्वभावालाच डाग लावतो. दुसरा एका कृतीपुरता राहतो.

अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून कापसाचे भाव चढले आणि १८६५ त युद्ध संपल्यावर उतरले. वऱ्हाडांतील वणी जिल्हा, ज्यास १९०५ सालीं यवतमाळ हें नांव मिळालें, कापसाचाच मुलूख. भाव सातासमुद्रांपलीकडे हालत आणि कर्ज येथल्या कुणब्याच्या नांवें चढे. पुणें-नगरकडील कुणब्यालाहि ही उतरती कळा भोंवली. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला. रयत 'इम्प्रॉव्हिडंट' आहे, लग्नकार्यांत पैसा उधळते, असें सरकारी कागदांतून वारंवार लिहिलें जाई. दंग्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानेंच पुढें अभिप्राय दिला कीं, लग्नखर्चाच्या कारणास अवास्तव महत्त्व दिलें गेलें आहे. तरी तो शब्द काहीं गेला नाहीं.

आतां दुसऱ्या शब्दाकडे वळूं. १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत, सरकारी हिशेबानेंच, ३७९ माणसें मारलीं गेलीं. १९२० सालीं ब्रिटिश लष्करी मंडळानें जनरल डायरवर ठेवलेला दोष होता 'एरर ऑफ जजमेंट'. लग्नांत चार रुपये जास्त खर्चणारा कुणबी जन्माचा अविचारी ठरला. गोळ्या झाडविणाऱ्या सेनानीची मात्र केवळ चूक झाली!

राज्य गेलें, पण संवय उरली. २००६ च्या जुलैंत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं यवतमाळसह विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तींत थकलेल्या व्याजाची माफी आणि पाटबंधारे यांस मोठें स्थान होतें. म्हणजे दुखणें पाण्यांत व कर्जांत आहे, हें सरकारासहि मान्य होतें. तरीहि शेतकऱ्यानें जीव दिल्याची वार्ता येतांच सुशिक्षित घरांतून आधीं लग्नखर्चाची व व्यसनाची चौकशी होते. पावसाची व भावाची मागाहून. व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें, तर मात्र आपण म्हणतों, बिचाऱ्याचा अंदाज चुकला.

आमचें वाचकांस एवढेंच सांगणें आहे, कीं हाच सौम्य शब्द कर्जबाजारी शेतकऱ्यासहि लावून पाहावा. अंदाज कशामुळें चुकला, हा प्रश्न मग आपोआप पुढें येतो.