टर्बोचार्जरच्या दाबमर्यादेचा इतिहास : नाशिकच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना होय. वातावरणाच्या दाबाहून जो अधिक दाब अशा रीतीने निर्माण होतो त्यास व्यवहारात ‘बूस्ट’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत एअर फिल्टर, सायलेन्सर किंवा संगणकीय नियंत्रण यांत थोडा फेरफार केला की मालकासमोर लगेच प्रश्न उभा राहतो : हा दाब किती वाढवावा? उत्तर म्हणून बहुधा एखादा आकडा मागितला जातो. या प्रश्नाचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की सुरक्षित दाब हा टर्बोचार्जरचा गुणधर्म कधीच नव्हता. इंधन, उष्णता आणि हवेची घनता यांतील जो घटक सर्वांत दुबळा, त्यानेच प्रत्येक काळी ती मर्यादा ठरवली. नाशिक परिसरात तयार झालेल्या दोन गाड्यांच्या आधारे हे विशेष स्पष्टपणे दाखविता येते.

उंचीपासून आरंभ

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. सुरुवातीची गरज वेगाची नव्हती, उंचीची होती. 1918 साली सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-इंजिन नेऊन त्यास टर्बोचार्जर जोडला, आणि विरळ हवेत हरवलेली शक्ती परत मिळवून दाखवली. म्हणजे प्रारंभी बूस्ट हे नुकसान भरून काढण्याचे साधन होते. अधिक काही मिळविण्याचे नव्हे.

हा मुद्दा नाशिकला गैरलागू नाही. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर असून येथे हवेचा दाब साधारण 0.94 बार असतो. मुंबईत तो 1.01 बारच्या आसपास आढळतो. दर्शकावर दोन्ही ठिकाणी 0.6 बार दिसले, तरी इंजिनात प्रत्यक्ष दाब मुंबईत 1.61 आणि नाशिकमध्ये 1.54 बार असतो. उलट, इंजिनात सर्वत्र 1.6 बारच हवा असे नियंत्रकास बजावले, तर मुंबईत हवा 1.58 पट दाबावी लागते आणि नाशिकमध्ये 1.70 पट. कसारा घाट चढून आलेल्या गाडीचा टर्बोचार्जर त्याच कामासाठी अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापवतो. एका गावचा सुरक्षित आकडा दुसऱ्या गावी आंधळेपणाने उचलता येत नाही, तो यामुळे.

उष्णता आणि ठोका

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारणाऱ्या मुलालाही हे हाताला कळते. चैत्र-वैशाखात नाशिकचे तापमान 40 अंश सेल्सिअस असताना हवा दीडपट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे 95 अंशांची असते. 1.8 पट दाबली तर ती 120 अंशांच्या पुढे जाते. मधे थंड करण्याची सोय नसेल, तर दीडपट दाबाने मिळणारी हवा दीडपट नसते, केवळ सव्वापटीहून किंचित अधिक असते. 1.8 पट दाबाने ती जेमतेम 1.43 पट होते. दर्शकाचा काटा जितका पुढे सरकतो तितका लाभ पुढे सरकत नाही. उष्णता मात्र पुरेपूर वाढते. म्हणूनच इंटरकूलर लहान ठेवून दाब वाढविण्यापेक्षा दाब तोच ठेवून इंटरकूलर सुधारणे हे बहुधा शहाणपणाचे ठरते.

पेट्रोल इंजिनात या उष्णतेचा परिणाम भयंकर होऊ शकतो. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप स्फोटासारखे जळते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यास ठोका किंवा नॉकिंग म्हणतात. तो चालू राहिला तर पिस्टनचा माथा झिजतो, कडा तुटतात, प्रसंगी पिस्टनला भोकही पडते.

या भीतीने मोटारींचा इतिहास घडवला आहे. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर बाजारात आली. तिचे संपीडन गुणोत्तर 10.25 असे मुळातच चढे होते. ठोका टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. टाकी रिकामी झाली की झडप दाब कमी करी. योजना निर्दोष होती, पण मालक ते मिश्रण भरण्यास विसरत आणि गाडी मंदावल्याची तक्रार करीत. दोनच वर्षांत ते प्रतिमान बंद झाले. जी सुरक्षितता मालकाच्या नित्य आठवणीवर अवलंबून असते ती टिकत नाही, असे या प्रकरणाचे वाचन करता येईल. पुढे 1980च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने इंजिनच्या ठोकळ्यावर ठोका ओळखणारा संवेदक बसवला. ठोका जाणवताच वेस्टगेट उघडून दाब आपोआप उतरू लागला. मर्यादा आता प्रत्येक क्षणी, टाकीतील इंधनानुसार ठरू लागली.

शर्यतीच्या क्षेत्रात मर्यादा नियमानेच घालावी लागली. फॉर्म्युला वनमध्ये 1987 साली दाब 4 बार आणि 1988 साली 2.5 बार एवढा सीमित करण्यात आला. 1989 पासून टर्बोवर बंदीच आली. 1988 साली त्या 2.5 बारवरच मॅक्लॅरेन-होंडाने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या, ही गोष्ट अधिक दाब म्हणजेच अधिक यश असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

नाशिकची दोन इंजिने

2002 साली महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचे 2.6 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन 109 अश्वशक्तीचे होते. डिझेल इंजिनात आधी केवळ हवा दाबली जाते, इंधन नंतर फवारले जाते. त्यामुळे पेट्रोलसारखा ठोका तेथे मर्यादा ठरवीत नाही. तेथे धोका वाढीव हवेपेक्षा वाढीव इंधनाचा अधिक असतो. यांत्रिक पंपाच्या काळात पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविणे हा गॅरेजमधला सर्रास उपाय होता. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर निघे आणि जाणता कारागीर त्या धुरावरूनच मर्यादा ओळखी. हे ज्ञान अनुभवसिद्ध होते, त्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु धूर दिसतो, तापमान दिसत नाही. लांब चढावर टर्बाइनपूर्वीच्या वायूंचे तापमान सुमारे 700 ते 750 अंशांपलीकडे सतत राहिले तर ॲल्युमिनियमचे पिस्टन धोक्यात येतात, असा सामान्य संकेत आहे. तापमापक न बसवता डिझेल इंजिनाचा दाब आणि इंधन वाढविणे म्हणजे कारखान्याने राखून ठेवलेली शिल्लक नकळत खर्च करणे होय.

डिझेलच्या फवाऱ्याचे तंत्रही याच शहराच्या ओळखीचे आहे. सातपूर येथील मायकोच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे भाग तयार होत आले आहेत. 2008 साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी मायको सर्कलच राहिले.

2020 साली नाशिकमध्येच तयार झालेली नवी थार 2 लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह आली. शक्ती 150 अश्वशक्ती. येथे मर्यादा उलट बाजूने येते, म्हणजे ठोक्याकडून. साधे भारतीय पेट्रोल तेव्हा किमान 91 ऑक्टेनचे होते. ‘रिमॅप’ करणारा जो नकाशा येथील इंधनाहून अधिक ऑक्टेन गृहीत धरून परदेशात लिहिला गेला, तो येथे तसाच चढविल्यास संवेदक सतत ठिणगी मागे ओढत राहतो. शक्ती वाढत नाही, केवळ उष्णता वाढते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे ठोक्यास प्रतिकार वाढतो हे खरे, पण त्याच हवेसाठी इंधन अधिक लागते. इंजेक्टर आणि पंप आधीच पूर्ण क्षमतेने चालत असतील, तर मिश्रण पातळ होऊन वाढीव दाब घातक ठरतो.

मर्यादा शोधण्याची रीत

यावरून सौम्य फेरफार केलेल्या गाडीसाठी एक क्रम सुचतो. प्रथम वेस्टगेटच्या स्प्रिंगने मिळणारा मूळ दाबच ठेवून मिश्रण, ठिणगीची माघार, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि शक्य तर एक्झॉस्टचे तापमान यांची नोंद घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. दाब 0.1 बारहून लहान पायऱ्यांनी वाढवावा आणि प्रत्येक पायरीची परीक्षा पहाटेच्या गारव्यात न करता दुपारच्या उन्हात, पंपावर रोज मिळणाऱ्या इंधनावर, चढावर करावी. ठिणगी वारंवार मागे जाऊ लागली, किंवा दाब वाढूनही ओढ वाढेनाशी झाली, की एक पायरी खाली यावे. वेस्टगेटच्या नळीत हवा सोडणारी स्वस्त झडप बसवून दाब चढविणे सोपे असते. नियंत्रकाला मात्र तो दाब अनपेक्षित ठरतो, आणि इंधन तोडण्याची सुरक्षाव्यवस्थाही बंद केली असेल तर शेवटचा रखवालदारच काढून टाकल्यासारखे होते.

अभियांत्रिकीइतकाच कायदाही येथे लागू होतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. परदेशी मार्गदर्शिकांत हा परिच्छेद नसतो, म्हणून त्या नाशिकच्या वाचकासाठी अपुऱ्या आहेत. धुरावरून इंजिन ओळखणाऱ्या त्या जुन्या कारागिरांच्या हाती आज संगणकीय नोंदी वाचण्याचे साधन आणि प्रशिक्षण किती पोहोचले आहे, हे सातपूर-अंबड परिसरातील गॅरेजांतून प्रत्यक्ष तपासण्याजोगे आहे.