राव, लीला
राव, लीला : (जन्म १९११). भारतीय टेनिसपटू, संस्कृत नाटककार व नृत्यशास्त्राच्या अभ्यासक. विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. विवाहोत्तर नाव लीला राव-दयाळ.

जन्म मुंबईत. वडील राघवेंद्र राव हे नामांकित डॉक्टर. आई पंडिता क्षमा राव (१८९०–१९५४) या आधुनिक संस्कृत साहित्यातील अग्रगण्य लेखिका, ‘सत्याग्रहगीता’ या काव्याच्या कर्त्या. आईचे वडील शंकर पांडुरंग पंडित यांनी अथर्ववेदाचे व तुकारामांच्या गाथेचे संपादन केले. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत. त्यामुळे ग्रंथ आणि मैदान या दोन्हींचे संस्कार लीलाबाईंवर घरातच झाले.

खेळातील कारकीर्द : १९३०–४० च्या दशकांत अखिल भारतीय स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपद अनेकदा मिळवले. त्यांच्याआधी भारताच्या जेनी सँडिसन या १९२९ मध्ये विम्बल्डनमध्ये खेळल्या होत्या. १९३४ मध्ये लीलाबाईंनी पहिल्या फेरीत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांना ४–६, १०–८, ६–२ असे हरवले. त्या काळी टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चाले. पहिला सेट गमावल्यावर असा लांबलेला दुसरा सेट जिंकून सामना फिरवणे, हे त्यांच्या चिकाटीचे प्रमाण होय. दुसऱ्या फेरीत त्या फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांच्याकडून पराभूत झाल्या. १९३५ मध्येही त्यांनी विम्बल्डनमध्ये भाग घेतला.

पुढे १९७१ मध्ये भारताच्या निरुपमा मांकड या आनंद अमृतराज यांच्यासह विम्बल्डनमध्ये मिश्र दुहेरीत खेळल्या. २००५ मध्ये सानिया मिर्झा यांनी अकिको मोरिगामी यांना हरवून एकेरीत विजय मिळवला. लीलाबाई व सानिया यांच्या या एकेरी विजयांत ७१ वर्षांचे अंतर आहे.

लेखन : आईच्या कथांवर आधारलेल्या अनेक संस्कृत एकांकिका त्यांनी लिहिल्या, ‘गिरिजायाः प्रतिज्ञा’ व ‘बालविधवा’ ही त्यांतील काही नावे. भारतीय नृत्यावर ‘नृत्तमंजरी’ (१९४८) हा ग्रंथ. पती हरीश्वर दयाळ हे सनदी अधिकारी, पुढे नेपाळमधील भारताचे राजदूत.

महत्त्व : परदेशात सरावाची वा प्रशिक्षणाची संघटित सोय भारतीय महिलांना नसताना मिळालेला १९३४ चा विजय हा भारतीय महिला टेनिसच्या इतिहासातील पायाभूत टप्पा आहे. विद्वत्ता आणि खेळ ही स्त्रीच्या आयुष्यात एकमेकांना पूरक ठरू शकतात, हे त्यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले.