चक्की वर, पाणी खाली

१८५४ साली अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी वारा वाढला की आपोआप आवरती होणारी पवनचक्की बनवली. १८८८ पासून ‘एअरमोटर’ची पोलादी चक्की आली. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडील कोरड्या गवताळ मैदानांत माणसे आणि गुरे या चक्क्यांच्या पाण्यावर तगली. वर्णन होते ते चक्राचे. बिघाड मात्र बहुधा विहिरीत असे.

तिथे नळाच्या तळाशी, पाण्यात बुडालेले पितळी सिलिंडर असते. त्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्याला चामड्याच्या वाट्या बसवलेल्या. पाण्याच्या दाबाने वाटीची कड फुगून सिलिंडरला घट्ट टेकते. पितळाऐवजी लोखंड असते, तर गंजलेल्या खरबरीत पृष्ठभागाने चामडे लवकर खाल्ले असते. नळ लोखंडीच, पण जस्ताचा मुलामा दिलेला. जस्त आधी झिजते, लोखंड वाचते. दट्ट्याचा दांडा मात्र पुष्कळदा चक्क लाकडी! पाण्यात लाकूड तरंगू पाहते, म्हणून चक्कीवरचा भार हलका होतो.

तरी वाळूने चामडे झिजणारच. नळ सिलिंडरपेक्षा रुंद असेल (२ इंची नळाखाली १⅞ इंची सिलिंडर), तर दांडा ओढून दट्ट्या वर घेता येतो. अरुंद, स्वस्त नळ घेणाऱ्याला एका वाटीसाठी सगळा नळ उपसावा लागे; तोवर गुरे तहानलेली.

हातपंपांतही हाच पेच आला. सोलापूर-जालना भागातल्या पंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ घडला. त्याचा नळ सिलिंडरपेक्षा अरुंद होता. ‘मार्क ३’मध्ये तो रुंद केला. शाळेजवळचा हातपंप दुरुस्त होताना मुलांना घेऊन जा आणि पाहा: नळ निघतो, की नुसता दांडा?