मांडीचा नकाशा

तीन वर्षांपूर्वी जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये आबांची अँजिओग्राफी झाली. नळी उजव्या जांघेतून घातली होती. नंतर काही तास जांघेवर वाळूची पिशवी ठेवून त्यांना झोपवून ठेवलं, पाय हलवायचा नाही म्हणून ताकीद. तरुणपणी अमळनेरच्या आसपासच्या जत्रांमध्ये शड्डू ठोकून कुस्त्या मारलेला माणूस तो. वैतागून मला म्हणाले, "दुखणं छातीत आणि भोक मांडीत? यांना हा रस्ता दाखवला कोणी?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रस्ता कुठून जातो हे मोबाइलवर मिनिटात सापडलं. तो कोणी दाखवला, हे शोधायला मात्र बरेच महिने गेले.

आधी रस्ता बघू. कंबरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक आणि ओटीपोटाखाली मधोमध असलेला हाडांचा सांधा, या दोन्हींच्या मध्यावर जांघेत बोटं दाबा. ठोका लागतो. ही फिमोरल धमनी. तिच्या बाहेरच्या बाजूला फिमोरल नर्व्ह, आतल्या बाजूला शीर. बाहेरून आत हा क्रम ठरलेला असतो, म्हणून डॉक्टर न बघताही सुई नेमकी घालू शकतात. इथून नळी वर सरकवली की महाधमनीतून हृदयापर्यंत पोचते.

तीच धमनी खाली मांडीत उतरते. मांडीच्या पुढे गुडघा सरळ करणारे चार स्नायू, मागे गुडघा वाकवणारे तीन, आतल्या बाजूला मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंचा गट. पुढच्यांना फिमोरल नर्व्ह, मागच्यांना सायटिक, आतल्यांना मुख्यतः ऑब्च्युरेटर. धमनी आतल्या स्नायूंमधल्या एका बोगद्यातून गुडघ्यामागे निघते. या बोगद्याला 'हंटर्स कॅनाल' म्हणतात. हंटर कोण, ते पुढे येईलच.

आपल्याकडे हा नकाशा काढायचा जुना प्रयत्न सुश्रुतसंहितेत आहे. अंगावरच्या 107 मर्मांपैकी अकरा प्रत्येक पायात. मांडीच्या मध्यावर 'ऊर्वी', तिच्या वर जांघेजवळ 'लोहिताक्ष'. ऊर्वीला जखम होऊन रक्त गेलं तर पाय वाळतो, असं त्यात म्हटलंय. हे कळलं कसं, तेही सांगितलंय: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर बघायचा. प्रेत कसं असावं याचे नियम आहेत. विषानं मेलेलं नको, फार दिवसांच्या आजारातलं नको, शंभरीचं नको. कोणाच्या परवानगीनं घ्यावं, याचा नियम त्यात नाही.

आता लंडन, 1785. जॉन हंटर या सर्जनकडे एक घोडागाडीवाला आला. गुडघ्यामागे धमनीचा मोठा फुगा. तोवर एकतर फुगा फोडून बांधायचा, नाहीतर पाय कापायचा. हंटरनं फुग्याला हात न लावता वर मांडीतच धमनी बांधली. पाय वाचला, कारण मुख्य रस्ता बंद झाल्यावर रक्त आजूबाजूच्या छोट्या फांद्यांतून खाली गेलं. आमच्या भाषेत, नेटवर्कमध्ये बॅकअप रूट होता. सव्वा वर्षानं तो माणूस तापानं वारला, तेव्हा हंटरनं तोच पाय मिळवून उघडला आणि जपून ठेवला.

याच हंटरनं 1783 मध्ये चार्ल्स बर्न या अतिशय उंच आयरिश माणसाचं प्रेत पैसे चारून मिळवलं होतं. मेल्यावर मला समुद्रात बुडवा, ही बर्नची शेवटची इच्छा होती. त्याचा सांगाडा दोनशे वर्षांहून जास्त काळ लंडनच्या म्युझियममध्ये उभा होता. 2023 मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं, तेव्हा तो प्रदर्शनातून काढलेला होता.

शिकायला प्रेतं हवीत आणि ती मिळत नाहीत, ही अडचण त्या काळी सगळ्यांचीच. 1828 मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी सोळा जणांना मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. 1832 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, त्यातून वर्कहाउसमध्ये मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या गरिबांचे देह कॉलेजांना मिळू लागले.

तीच पद्धत इकडे आली. 1836 मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा केवढी खळबळ उडाली! मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, 1851 च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. आणि 1949 मध्ये मुंबई प्रांताचा शरीरशास्त्र कायदा आला. बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय त्यात झाली. खानदेश तेव्हा मुंबई प्रांतातच होता.

बेवारस म्हणजे कोण? रस्त्यावर, फलाटावर, सरकारी दवाखान्यात एकटी मेलेली माणसं. आपण बरोबरीला 'मांडीला मांडी लावून बसणं' म्हणतो. जिवंतपणी ज्यांना कोणी शेजारी बसू दिलं नसेल, त्यांच्या मांडीवरून डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या आणि त्या शिक्षणातून आमच्या आबांच्या जांघेत सुई नेमकी गेली.

हे मी आबांना सांगितलं. ते ऐकून घेऊन गप्प बसले. दोन महिन्यांनी त्यांनी मला देहदानाचा फॉर्म आणायला लावला. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2018 पासून जळगावलाही शासकीय कॉलेज झालंय. लांब जायची गरज नव्हती.

आजीनं मात्र सरळ सांगितलं, "माले नही पटत." तिचं म्हणणं साधं आहे. ज्याला कोणी नाही त्याला तिथं नेतात. आपल्याला मुलं-नातवंडं सगळी आहेत, लोक काय म्हणतील?

आबा म्हणाले, "तेच तर. कोणी नसलेल्यांनीच किती दिवस हे काम करायचं?"

मी इंजिनिअर माणूस, मला वाटलं फॉर्म भरला की झालं. तसं नसतं. माणूस गेल्यावर कॉलेजला कळवायचं, देह वेळेत पोचवायचा, हे घरच्यांनीच करायचं असतं. त्या दिवशी आजी दारात आडवी उभी राहिली, तर आबांचा फॉर्म म्हणजे नुसता कागद.

मागच्या दिवाळीत तिनं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "शिकून झाल्यावर ती पोरं काय करतात रे त्याचं?" मी सांगितलं, अनेक कॉलेजांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहासमोर उभं राहून शपथ घेतात. शिकून झाल्यावर अंत्यसंस्कार करतात. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

फॉर्म कपाटात लाइटबिलांच्या फाइलमध्ये आहे. आबांची सही झालीय, माझीही. आजीची जागा अजून मोकळी आहे.